आग गच्चीवर, बंब तळघरी

आमचं तळघर पूर्वी थंड होतं. ते थंड राहावं म्हणून आम्ही त्यावर ८५,००० रुपये खर्च केले आणि आता ते थंड नाही. मला कोणावरही आरोप करायचा नाही. चौतीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढल्यामुळे जमा-खर्च जसा झाला तसा लिहून ठेवायची सवय आहे, एवढंच.

घर नागपूरला, त्रिमूर्ती नगरच्या अंगाला. वडिलांनी १९९४ साली बांधलं. जागा काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आक्रसते की भेगेत पेन्सिल पडली तर परत मिळत नाही. तिच्यावर पाया ठेवला तर भिंतीही तिच्याबरोबर वर-खाली करू लागतात आणि घराला दरवर्षी नवे तडे जातात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. आमच्याकडे मुरूम सहा फुटांवर लागला. वडील पोस्टात होते. फुकट जाणारा पैसा त्यांना बघवत नसे. एवढं खणायचे पैसे दिलेच आहेत, तर तीच माती परत आत लोटायला वेगळे कशाला द्यायचे, असा सवाल त्यांनी ठेकेदाराला केला आणि बारा बाय चौदाची एक खोली जमिनीच्या पोटात तयार झाली. तिच्यामागे ना आर्किटेक्ट होता ना वास्तुशास्त्र. ती निव्वळ काटकसरीतून झालेली खोली आहे.

पण तशी खोली अख्ख्या गल्लीत नव्हती. सहा फूट जमिनीखाली, दोन फूट वर. त्या वरच्या दोन फुटांत समोरासमोर वीतभर उंचीचे दोन झरोके. मे महिन्यात वडील रात्री दहाला झरोके उघडत आणि सकाळी सहाला बंद करून फटींत जुन्या धोतराचे बोळे कोंबत. दुपारी एक ते पाच अख्खं घर खाली चटईवर. उशिरा आलेल्या पाहुण्याला खाली जागा मिळाली नाही, तर तो वर हॉलच्या फरशीवर आडवा होई. तळघराच्या डोक्यावर असल्यामुळे तीही फरशी पाठीला गार लागायची.

यात जादू काही नाही. जमिनीत जसजसं खाली जावं तसतसा उन्हाळ्या-हिवाळ्यातला फरक विरत जातो आणि दहा-बारा फुटांखाली तापमान वर्षभराच्या सरासरीच्या आसपास जाऊन थांबतं. नागपूरची ही सरासरी साधारण २७ अंश. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी आमच्या भिंतींच्या मागे गेल्या हिवाळ्याची थोडी शिल्लक पडलेली असायची आणि आम्ही ती रोज चार तास काढून वापरायचो. खातं कधी रिकामं झालं नाही.

नागपूरच्या उन्हाविषयी बाहेरगावच्या लोकांसाठी दोन ओळी. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश होते. मे २०२४च्या अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले. यंत्रात बिघाड होता असा खुलासा नंतर झाला. तो वाचून गल्लीत कोणाला हायसं वाटल्याचं दिसलं नाही. उलट त्या यंत्राबद्दल थोडी आपुलकीच वाटली. भर दुपारी उघड्यावर उभं केल्यावर कोण बिघडणार नाही?

आता मेव्हण्यांकडे येतो.

माझे मेव्हणे, म्हणजे हिचे दादा, १९९८ पासून मिनेसोटात असतात. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-तीस अंश जातो आणि वरची जमीनच गोठते. गोठलेली माती फुगून घर उचलते, म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. किमान साडेतीन ते पाच फूट खोल, असा तिथला नियमच आहे. मग तिथलेही लोक आमच्या वडिलांसारखाच विचार करतात, की एवढं खणलंच आहे तर खोली करून टाकू. वडील आणि अमेरिकेचा मध्यभाग यांचं एकाच मुद्द्यावर एकमत झालेलं मला एवढंच माहीत आहे. फरक इतकाच, की तिथली माती थंडीने फुगते आणि आमची पावसाने. आणि तिथे तळघरात ऊब कोंडून ठेवायची असते. हा फरक मी मेव्हण्यांना तीन वेळा सांगितला. तिन्ही वेळा नेट गेलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी आम्हाला आपलं तळघर दाखवलं. भिंतीत लाकडी पट्ट्या, पट्ट्यांमधे गुलाबी लोकरीसारखी गुंडाळी, तिच्यावर पांढरे बोर्ड. लग्नात रुखवत दाखवतात तसा ते फोन एकेका कोपऱ्यावरून फिरवत होते. मग थांबून म्हणाले, "भाऊजी, तुमचं बेसमेंट इन्सुलेटेड नाहीये?" सूर असा, की जणू पोराला पोलिओचा डोस पाजायचा राहून गेलाय.

मी म्हटलं, "नाही. पण ते थंड आहे."

"थंड आहे, पण आर-व्हॅल्यू किती आहे?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. माझ्या मागे उभ्या असलेल्या हिने मात्र तो असा ऐकला, की इतकी वर्षं नवऱ्याने घरात आर-व्हॅल्यू आणलीच नाही. संध्याकाळपर्यंत तिने चार बायकांना फोन करून आमच्या तळघराला काय नाही ते सांगितलं होतं.

उन्हाळ्यात आमचं घर कशाने तापतं, हे मला माहीत आहे. ते गच्चीने तापतं. मे महिन्यात दुपारी गच्चीचं काँक्रीट साठ अंशांच्या वर जातं. त्याखालचा पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पीत बसतो आणि रात्री आठच्या बातम्यांच्या सुमारास ते खाली सोडायला लागतो. झोपायला गेल्यावर वर हात केला तर पोळी काढल्यावर तव्याची धग लागते, तशी धग येते. पंखा ती धग खोलीभर समान वाटतो. या बाबतीत तो अत्यंत निःपक्षपाती आहे.

याच्यावरचा इलाज जुना आणि स्वस्त आहे. गच्चीला चुना फासायचा. चुन्यात थोडा फेविकॉल घातला म्हणजे तो पहिल्या वळवानेच धुऊन जात नाही. पांढरी गच्ची बरंचसं ऊन आल्या वाटेने परत पाठवते. फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक केला तर काम कायमचं होतं. तेलंगणा सरकारने तर छपरं थंड ठेवण्यासाठी २०२३ मध्ये एक स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. आमच्या घरात याच्या नेमकं उलट धोरण आहे आणि ते त्याहून जुनं आहे.

कारण गच्ची हिची आहे. मार्चपासून तिथे वाळवण असतं: साबुदाण्याच्या पापड्या, कुरडया, सरगुंडे, हळद, तिखट, आणि एक लाल प्लास्टिक, ज्यावर काही वाळत नसलं तरी ते अंथरलेलं असतं. एका वर्षी मी हिला न विचारता चुना लावला. स्लॅबची रात्रीची धग कमी झाली, हे मी हात लावून दोनदा खात्री करून घेतलं. पण गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून देवापर्यंत पांढरी पावलं उमटली. लक्ष्मीच्या पावलांशी त्यांचं साम्य मी हिला दाखवून दिलं. शिवाय पांढऱ्या गच्चीवर दुपारी डोळे दिपतात, त्यामुळे कुरडई वाळली की नाही ते कळत नाही, असा आक्षेप आला. आक्षेप बरोबर होता. पुढच्या वर्षी घासणी आणि पाण्याचा पाइप घेऊन चुना उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून गच्चीच्या विषयावर आमच्यात शांतता आहे.

त्यामुळे ज्या दिशेने ऊन येतं ती दिशा बंद झाली आणि ज्या दिशेने ते कधीच येत नव्हतं त्या दिशेला बंदोबस्त करायचं ठरलं.

मिस्त्री आला. त्याने तळघरात उभं राहून दोन खोल श्वास घेतले. बाहेर ४४ अंश होते आणि तो रामेश्वरीपासून स्कूटरवर आला होता. "वा!" तो म्हणाला. मग आपण कशासाठी आलो ते आठवून चेहरा गंभीर केला. "साहेब, तुमी काहीच टेन्शन घेऊ नका. असं थंड करून देतो का तुमाले मे मईन्यात रजई लागन."

थर्माकोलच्या एकशे चाळीस शीट आल्या, मीटरभर बाय अर्धा मीटर, दोन इंच जाड. खाली, वर आणि चारही भिंतींना लावायच्या. आपल्याकडे २०१८च्या बंदीनंतर गणपतीच्या मखराला थर्माकोल चालत नाही. दोन दिवस बसणाऱ्या देवाला नाही, पण तीस वर्षं उभ्या असलेल्या भिंतीला चालतो. नियम लिहिणाऱ्याने काहीतरी विचार केला असेलच.

पहिली शीट लागली ते दृश्य मी पायरीवर बसून पाहिलं. मिस्त्रीने सनमायका चिकटवतात ते सोल्युशन आणलं होतं. डबा उघडताच डोळ्यांतून पाणी आलं. त्याने पत्र्याच्या पट्टीने ते तपकिरी सोल्युशन भिंतीवर फासलं, मग शीटवर फासलं, आणि शीट दोन्ही हातांनी धरून थांबला. आतून बारीक चरचर ऐकू आली. शीटमध्ये एक खळगा पडला. खळग्याशेजारी दुसरा. दोघे एकमेकांना भेटले. मिनिटभरात शीटचं जाळीदार धिरडं झालं आणि छिद्रांतून मिस्त्रीची सहा बोटं दिसू लागली. त्या सोल्युशनमधलं द्रावण थर्माकोल विरघळवतं. पेट्रोल आणि थिनरही हेच करतात. मिस्त्रीने धिरड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "माल डुप्लिकेट आहे." खात्री करण्यासाठी त्याने आणखी पाच शीट विरघळवल्या. मग सिमेंटात कालवायचा गोंद आणला गेला. वाया गेलेल्या सहा शीट बिलात 'कटिंग वेस्टेज' म्हणून आल्या. कटिंग मात्र मी पाहिलं नाही.

दाण्यांविषयी वेगळं लिहायला हवं. थर्माकोल कापला की त्याचे पांढरे दाणे सुटतात आणि ते जमिनीवर पडत नाहीत. ते माणसाला चिकटतात. झटकले तर झटकणाऱ्या हाताला चिकटतात. दुसऱ्या हाताने काढले तर त्या हाताला. माझा एक अख्खा सोमवार उजव्या हातावरचा एक दाणा डाव्या हातावर नेण्यात गेला. तो कानात निघतो, चष्म्याच्या घडीत निघतो, बाळकृष्णाच्या लंगोटीवर निघतो. तर्री पोह्यांवर पडला तर थेट खोबऱ्याच्या किसासारखा दिसतो आणि फरक चावल्यावर कळतो. काम संपून सात महिने झाले. काल बँकेच्या जुन्या पासबुकात एक निघाला, २०११च्या पानावर. त्या वर्षी तो अस्तित्वात नव्हता.

तळघराची उंची साडेसात फूट होती. खाली थर्माकोल, त्यावर कोबा, त्यावर टाइल्स मिळून चार इंच गेले. वर थर्माकोल, त्याखाली पत्र्याच्या पट्ट्या आणि जिप्समचं फॉल्स सीलिंग मिळून सात इंच गेले. उरले सहा फूट सात इंच. छताचा पंखा लावून पाहिला तेव्हा त्याची पाती माझ्या भुवईच्या रेषेत फिरू लागली. "खाली वाकून चालायचं, सवय होऊन जाते," असं मिस्त्री म्हणाला. मी एक दिवस सवय लावून पाहिली. अडचण चालताना येत नाही. ती बनियन काढताना येते. पंखा उतरवून ठेवला आणि टेबलफॅन आणला. तो मान हलवतो, माझ्याकडे आला की थोडा थबकतो आणि पुढे जातो.

चारही बाजूंनी भिंती आत सरकल्यामुळे वडिलांचं लोखंडी कपाट आता पूर्ण उघडत नाही. एक दार उघडतं. दुसऱ्या दारामागे घराची कागदपत्रं आहेत.

आणि झरोके. मेव्हण्यांनी फोनवर झरोके पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. "भाऊजी, हा तर एअर लीक आहे!" तिकडे हिवाळ्यात फटीतून येणारी हवा म्हणजे घरात शिरलेला चोर. त्यांच्या सांगण्यावरून मिस्त्रीने डब्यातून फसफसणारा पिवळा फोम झरोक्यांत मारला. तो पावासारखा फुगला आणि बाहेरच्या बाजूने थोडा लोंबला. आता तो कुत्र्यांना आवडतो.

२२ मे रोजी दुपारी तीन वाजता मी मोजणी केली. औषध कंपनीच्या जाहिरातीचं एक थर्मामीटर माझ्याकडे बावीस वर्षं आहे आणि मी त्याची वही ठेवतो. मागल्या वर्षी त्याच सुमाराला बाहेर ४५ अंश, हॉलमध्ये ३८ आणि तळघरात ३० होते. या वर्षी बाहेर ४४.५, हॉलमध्ये ३८.५, तळघरात ३२.५. बाहेर अर्धा अंश कमी असताना आत अडीच अंश वाढ. बँकेत असा ताळेबंद आला असता तर मी तो सही न करता परत पाठवला असता. वहीचं पान फोटो काढून मेव्हण्यांना पाठवलं. उत्तर आलं: "थर्मामीटर कॅलिब्रेट केलंय का?"

शेवटी कारण सांगितलं ते शेजारच्या काकांनी. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि काम पूर्ण झाल्याची खात्री पटल्याशिवाय सल्ला देत नाहीत. आले, चहा घेतला, भिंतीवर टकटक केली आणि म्हणाले, "थर्माकोल काही गार करत नाही. तो फक्त मधे उभा राहतो."

हे मला लगेच कळलं. आमच्या शाखेत असे दोघेजण होते. थर्माकोलमध्ये ९८ टक्के हवाच असते, अडकून पडलेली. त्या हवेतून उष्णता मोठ्या नाखुशीने सरकते. काँक्रीट त्याच्या चाळीसपट सहज उष्णता पुढे ढकलतं. म्हणजे दोन इंच थर्माकोल लावणं आणि सुमारे सात फूट काँक्रीट ओतणं, उष्णतेच्या हिशेबाने सारखंच. आता हे सात फूट आम्ही कोणाच्या मधे उभे केले? खोली आणि २७ अंशांची जमीन यांच्या मधे. तळघरात कोण काय तापवतं? थंड जागा म्हणून इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी खाली आहे. थंड जागा म्हणून जुना फ्रीज खाली आहे, ज्यात वर्षभराची कैरी आणि चिंच असते. तो आतली ऊब उचलून पाठीमागून खोलीत सोडतो, दिवसरात्र. मग टेबलफॅन, ट्यूबलाइट आणि मी. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता टाकत असतो. म्हणजे दुपारभर नुसता पडून राहून मीच माझी खोली तापवत होतो. पूर्वी हे सगळं जमीन मुकाट्याने शोषून घ्यायची. आता ती पलीकडे तशीच गार बसून आहे आणि अलीकडे आम्ही आमच्याच उबेत.

वरच्या हॉलचंही तेच झालं. पाहुण्यांच्या पाठीला गार लागणारी फरशी खालच्या थंडाव्यापासून कायमची तुटली. आता ती पायाला कोमट लागते. हॉलमध्ये अर्ध्या अंशाने वाढ झाली ती इथूनच, असं काकांचं मत पडलं.

"खरं तर," काका म्हणाले, "जमिनीवर निघालेली दोन फूट भिंत तेवढी बाहेरून झाकायची होती, आणि गच्ची करायची होती." त्यांनी गच्ची म्हणताच स्वयंपाकघरातला कुकर थांबल्यासारखा वाटला. काकांनी चहा संपवला.

यावर हिने उपाय काढला तो कूलरचा. विदर्भात कोणत्याही वादाचा शेवट कूलरने होतो. कूलर कोरडी हवा आत ओढतो, ओल्या गवतातून नेतो, पाणी उडता उडता हवेची उष्णता घेऊन जातं. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते, की ४४ अंशांच्या हवेतूनही कूलर तिशीच्या आतला वारा काढतो. अट एकच: एका बाजूने हवा आत आली तर दुसऱ्या बाजूने बाहेर जायला वाट हवी. आमच्या वाटा पिवळ्या फोमने बुजवलेल्या होत्या. जिन्यावर ठेवलेला कूलर तळघरात ओली हवा भरत राहिला आणि ती तिथेच मुक्काम करून राहिली. पहिला अर्धा तास स्वर्ग होता. दुसऱ्या अर्ध्या तासात चटई चिकटली. तिसऱ्या दिवशी लोखंडी कपाटाचं उघडणारं दारही उघडेना. पाचव्या दिवशी खाली ठेवलेले दोन डबे उघडले तेव्हा वर्षाचे पापड सादळून रुमालासारखे घडी घालता येत होते. काडेपेटी ओढली की काडीचं डोकं निघून यायचं. त्या दिवशी घरात जे बोलणं झालं त्यात थर्माकोलचा उल्लेख नव्हता. कूलरचा होता, आणि तो जिन्यावर कोणी ठेवला याचा होता. मीच ठेवला होता. तिने सांगितलं म्हणून, पण ठेवला मीच होता.

नवतपा संपला, मृग लागला, पाऊस आला. जिप्समच्या मागे बुरशी धरली. लाल मुंग्यांना थर्माकोल पोखरायला फार सोपा जातो, हे त्यांना आमच्या आधी कळलं. रात्री दिवे घालवल्यावर भिंतीतून फार बारीक खसखस ऐकू येते. कान लावून ऐकलं तर कामाचा वेग मिस्त्रीच्या माणसांपेक्षा चांगला वाटतो. मिस्त्रीला फोन केला. "येऊनच राहिलो साहेब," तो म्हणाला. त्याला आता पाच महिने झाले. पण त्याने हा काळ पूर्ण झालेला म्हणून वापरलेला नाही, चालू म्हणून वापरला आहे, त्यामुळे व्याकरणाच्या दृष्टीने माझी तक्रार टिकत नाही.

उन्हाळ्यातल्या दुपारी मी कुठे काढल्या, असं कोणी विचारलं नाही, तरी नोंद म्हणून सांगतो. चौकातल्या बँकेत. माझी शाखा नव्हे, दुसऱ्या बँकेची. तिथे एसी आहे. मी एक स्लिप घेऊन खुर्चीवर बसायचो आणि ती भरत राहायचो. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या पोरीने विचारलं, "काका, काही मदत करू का?" चौतीस वर्षं मी हेच वाक्य याच आवाजात बोललो होतो, त्यामुळे त्याचा अर्थ मला ठाऊक होता. खातं उघडून टाकलं.

डिसेंबरात मेव्हणे आले. विमानतळावरून घरी येताच बूट न काढता खाली गेले. भिंतीवर हात फिरवला, फोम पाहिला, टेबलफॅन पाहून "हा कशाला?" असं विचारलं. मी बनियन काढायची गोष्ट सांगायला घेतली, पण ही मधे म्हणाली, "दादा, तू दमला असशील." त्यांची झोपण्याची सोय तळघरात केली. त्या रात्री नागपुरात पारा ९ अंशांवर उतरला होता. आम्ही दोघं वर, गच्चीखालच्या खोलीत, स्वेटर घालून, दोन रजया घेऊन झोपलो. उन्हाळ्यात तापायला मोकळा असलेला स्लॅब हिवाळ्यात निवायलाही मोकळाच असतो.

सकाळी मेव्हणे नुसत्या बनियनवर जिना चढून वर आले. चेहरा टवटवीत. हातात मी दिलेली रजई होती, घडीसुद्धा न मोडलेली.

"भाऊजी," ते म्हणाले, "रात्री पंखा लावावा लागला. बघा, काम झालं की नाही?"

ही कौतुकाने माझ्याकडे पाहत होती. मी रजई घेतली आणि कपाटात ठेवायला गेलो. उघडणाऱ्या दाराच्या बाजूला जागा नव्हती.